तुम्ही कुठल्या टाइपचे प्रवासी? आणि हे मोजायचं कसं?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मोबाइलवर एक प्रश्नावली फिरायला लागते. समुद्र की डोंगर? हॉटेल आधी बुक करता की पोचल्यावर बघता? नव्या गावात तिथलं जेवण जेवता की पोळी-भाजी शोधता? दहा ठिकाणी टिचकी मारली की निकाल येतो: ‘तुम्ही मुक्त भटके आहात.’ लोक तो निकाल ग्रुपवर टाकतात, चार जण ‘अगदी खरंय’ म्हणतात आणि शेवटी सगळे मिळून दरवर्षीसारखे गणपतीपुळ्याला जातात.

आता हाच विषय प्रबंधाला घेतलात असं समजा. भूगोल, मानसशास्त्र, वाणिज्य, पर्यटन अशा कुठल्याही विभागात ‘अमुक जिल्ह्यातील पर्यटकांच्या प्रवासशैलीचा अभ्यास’ असं शीर्षक सहज खपून जातं. पण समितीतल्या एखाद्या मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, ‘प्रवासशैली म्हणजे नक्की काय आणि ती तुम्ही मोजणार कशी?’ तर? पुढची तीन-चार वर्षं आणि फेलोशिप या एका उत्तरावर टांगलेली असते. ज्यांना प्रबंध करायचा नाही, नुसती ट्रिप ठरवायची आहे, त्यांनाही हे उत्तर कामाला येईल. म्हणून आज हेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘माझा टाइप कोणता?’ हा प्रश्नच जरा वाकडा आहे. कुणाबरोबर, कशासाठी आणि कुणाच्या पैशानं निघालो की मी कसा वागतो, असं विचारलं तर हाताला काहीतरी लागतं.

उदाहरणाला सुपा घेऊ. पारनेर तालुक्यातलं, पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरचं, एमआयडीसीचं सुपा. (बारामती तालुक्यातलं सुपे वेगळं. दोन्हींत घोळ करून संदर्भसूची बनवणारे लोक आहेत, म्हणून सांगितलं.) सुप्याला मुद्दाम फिरायला कुणी येत नाही, आणि आपल्या कामाला ते त्यामुळेच सोयीचं आहे. शनिवारी सकाळी हायवेवरच्या एखाद्या हॉटेलाबाहेर तासभर उभं राहून बघा. शिर्डी आणि शनिशिंगणापूर एका दमात करायला निघालेली टेम्पो ट्रॅव्हलर थांबते. आजी, आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि पोरं उतरतात. राळेगणसिद्धी उरकून हिवरे बाजारकडे निघालेली कॉलेजची अभ्यास सहलीची बस येते. अहिल्यानगरहून निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे बघायला चाललेली चार पोरं दोन बाइकवर. आणि कोपऱ्यात सॅक घेऊन उभा असलेला, आठवडा संपला म्हणून गावी निघालेला कंपनीतला मुलगा.

यातले पर्यटक किती? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन आकडेवारीच्या व्याख्येप्रमाणे, नेहमीच्या परिसराबाहेर वर्षभरापेक्षा कमी काळासाठी गेलेला आणि तिथल्या कुणाकडे नोकरी करायला न गेलेला माणूस म्हणजे अभ्यागत. त्यानं रात्रीचा मुक्काम केला तरच तो पर्यटक. म्हणजे निघोजची पोरं संध्याकाळी घरी परतणार असतील तर व्याख्येनुसार ती पर्यटक नाहीत, एकदिवसीय अभ्यागत आहेत. दर शनिवारी गावी जाणाऱ्या मुलाचं गाव ‘नेहमीच्या परिसरात’ धरायचं की नाही, यावर तर वाद घालता येईल. प्रश्नावली छापायच्या आधीच दोन निर्णय घ्यावे लागले, हे लक्षात आलं का? यालाच कार्यात्मक व्याख्या म्हणतात.

सुपा निवडण्याचं दुसरं कारण नमुना निवडीचं आहे. तुम्ही शिर्डीत मंदिराबाहेर उभे राहून लोकांना प्रवासाचा हेतू विचारलात तर बहुतेक उत्तरं ‘दर्शन’ अशीच येणार. त्यावरून ‘महाराष्ट्रातले प्रवासी श्रद्धाळू आहेत’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे दवाखान्याबाहेर उभं राहून ‘सगळं गाव आजारी आहे’ म्हणण्यासारखं आहे. ठिकाणानं तुमचे लोक आधीच चाळून दिलेले असतात. हायवेवर चाळणी जरा मोठ्या भोकांची असते. तीही निर्दोष नाही. एसटीनं न थांबता पुढे गेलेले लोक तुम्हाला भेटतच नाहीत.

आता सिद्धांताकडे वळू. एरिक कोहेन या समाजशास्त्रज्ञानं 1972 साली एका लेखात पर्यटकांचे चार प्रकार मांडले. पहिला, सगळं ठरवून मिळालेल्या टूरमध्ये जाणारा. दुसरा, बुकिंग एजन्सीकडून करतो, पण फिरतो स्वतःच्या मर्जीनं. तिसरा शोधक. तो वाट सोडून जातो, मात्र चांगली खोली आणि भरवशाचं वाहन मागतो. चौथा वाहत जाणारा, ज्याला ठरलेलं काही नकोच असतं. चौघांना वेगळं करणारी पट्टी एकच: नावीन्य किती हवं आणि ओळखीचं किती हवं. ओळखीच्या वातावरणाचा जो बुडबुडा माणूस सोबत नेतो, त्याबद्दल कोहेननं फार छान लिहिलंय. आपल्याकडच्या मराठी टूर कंपन्यांनी हा बुडबुडा व्यवस्थित ओळखला. केसरी 1984 पासून हेच करते आहे. युरोपात बर्फ बघायचा, पण सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर आणि रात्री आपलं जेवण. काही लोक याला हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. साठीनंतर पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाला सगळंच अनोळखी देऊन चालत नाही.

कोहेन या चौघांना ‘भूमिका’ म्हणतो. नाटकातली भूमिका असते तशी, म्हणजे प्रयोग संपला की उतरवता येणारी. मोबाइलवरच्या प्रश्नावल्यांनी नेमकी हीच गोष्ट गाळली आणि भूमिकेचा स्वभाव करून टाकला.

स्वभावाचा मुद्दा खरा कुणी मांडला असेल तर स्टॅन्ली प्लॉगनं. 1960 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या विमान कंपन्यांना एक कोडं पडलं होतं: परवडत असूनही कितीतरी लोक विमानात बसत का नाहीत? त्या कामातून प्लॉगनं व्यक्तिमत्त्वाची एक पट्टी काढली आणि 1974 साली ती प्रसिद्ध झाली. एका टोकाला सायकोसेंट्रिक, म्हणजे परिचितात रमणारे. दुसऱ्या टोकाला ॲलोसेंट्रिक, म्हणजे अनोळखीकडे ओढले जाणारे. बहुतेक लोक मधे. पुढचा भाग जास्त रंजक आहे: नवी जागा आधी धाडसी लोक शोधतात, मग मधले येतात, गर्दी होते, धाडसी निघून जातात आणि जागेचं तेज ओसरतं. फुलांच्या दिवसांतलं कास पठार ज्यांनी आधीही पाहिलंय आणि आताही, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ऐकायला पटतं. पण ‘पटतं’ हा पुरावा नव्हे. 1990 मध्ये स्टीफन स्मिथनं सात देशांतल्या लांब पल्ल्याच्या प्रवाशांची माहिती घेऊन प्लॉगची पट्टी तपासली. माणूस पट्टीवर कुठे बसतो यावरून तो कुठल्या ठिकाणी जातो हे सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. प्लॉगनं त्याच वर्षी उत्तर दिलं आणि शीर्षकात सुताराच्या हत्यारांची उपमा वापरली. मुद्दा असा की, स्मिथनं वापरलेले प्रश्न माझे नाहीतच, चुकीच्या हत्यारानं काम बिघडलं तर दोष सुतारकामाला कसा देता? त्यावर स्मिथनं पुन्हा उत्तर दिलं. तुम्हाला या विषयात काम करायचं नसलं तरी ही तीन टिपणं मिळवून वाचा. कोर्सवर्कमध्ये ‘वैधता’ या शब्दाची व्याख्या पाठ करून जे डोक्यात शिरत नाही, ते या भांडणात शिरतं. सिद्धांत चुकला की मोजमाप चुकलं, हे बाहेरून वेगळं करता येत नाही. म्हणून तुमची प्रश्नावली परिशिष्टात जशीच्या तशी द्यायची असते.

मग मोबाइलवरचा निकाल ‘अगदी खरंय’ का वाटतो? बर्ट्राम फोररचा प्रयोग आठवा. 39 विद्यार्थ्यांना त्यानं एक व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि प्रत्येकाला ‘तुझं वर्णन’ म्हणून एक मजकूर दिला. हे वर्णन किती जुळतं याला 0 ते 5 मध्ये गुण द्या म्हणाला. सरासरी 4.26 आली. मजकूर सगळ्यांना एकच होता. फोररनं हे 1949 मध्ये छापलं. ‘तुम्हाला नवं बघायला आवडतं, पण कधीकधी निवांतपणाही हवा असतो’ हे वाक्य सुप्याच्या त्या हॉटेलाबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला लागू पडेल, चहा देणाऱ्या पोरालासुद्धा.

इथे माझ्या संख्याशास्त्राच्या डोक्याला एक जुनी खाज सुटते. ‘आम्ही प्रश्नावली घेतली, क्लस्टर ॲनालिसिस केलं आणि पर्यटकांचे चार प्रकार सापडले’ असं वाक्य तुम्ही वाचाल. के-मीन्स या पद्धतीला तुम्ही चार गट मागितले की ती चार गट देते. सात मागा, सात देईल. पूर्ण एकसंध माहिती घातली तरी ती निमूटपणे चिरफाळ्या करून देते. गट मिळाले म्हणजे गट होते असं होत नाही. त्यासाठी आणखी विचारावं लागतं. नमुन्याचा निम्मा भाग बाजूला काढून त्यात तेच गट येतात का? तीच माणसं दोन महिन्यांनी पुन्हा विचारली तर त्याच गटात राहतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गटावरून त्यांच्या वागण्याबद्दल असं काही सांगता येतं का, जे वय, उत्पन्न आणि सोबत यांवरून आधीच सांगता येत नव्हतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर तुमचे प्रकार म्हणजे वय आणि उत्पन्नालाच दिलेली नवी नावं.

उत्पन्न आणि तिकीट यांचा विषय निघालाच आहे तर एसटीचं बघू. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. त्याआधी, ऑगस्ट 2022 पासून, 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला. आता समजा तुम्ही सुप्यातल्या शंभर बायकांची ‘प्रवासशैली’ 2022 मध्ये मोजली आणि पुन्हा 2024 मध्ये. ‘स्वतःहून, एकटीनं, आधी न ठरवता निघते’ या विधानाला मिळालेले गुण वाढलेले दिसले तर काय म्हणाल? बायका धाडसी झाल्या? बाई तीच होती. तिच्या आड तिकिटाचे पैसे आणि ते कुणाकडे मागायचे हा प्रश्न उभा होता. इच्छा आणि अडथळा वेगवेगळे मोजले नाहीत तर गरिबीलाच आपण स्वभाव म्हणून बसतो. प्रवासशैलीवरचं खूपसं लिखाण रजा आणि पैसा दोन्ही असलेल्या लोकांना समोर ठेवून झालंय. इकडे ते जसंच्या तसं लावताना ही गोष्ट विसरू नका.

हेतूचंही तसंच. 1979 मध्ये जॉन क्रॉम्प्टननं सविस्तर मुलाखतींतून सुट्टीच्या प्रवासामागचे नऊ हेतू काढले: रोजच्या रहाटगाडग्यातून सुटका, विश्रांती, प्रतिष्ठा, नातेवाइकांशी जवळीक, नावीन्य, शिक्षण वगैरे. यादी उपयोगी आहे, फक्त ‘एक पर्याय निवडा’ असा चौकोन करू नका. आपल्या विष्णुभट गोडशांचंच बघा ना. 1857 मध्ये ते वरसईहून उत्तरेकडे निघाले ते यज्ञात दक्षिणा मिळेल आणि घरचं कर्ज फिटेल म्हणून. त्यात तीर्थयात्रा होतीच. पुढे बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी आले. ‘माझा प्रवास’ वाचून त्यांच्या नावापुढे कुठल्या एका चौकोनात खूण कराल?

हा गुंता प्रश्नावलीनं सुटत नसेल तर दुसरी वाट आहे: सोबत चालायची. इरावती कर्वे दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलेला ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’त आहे. त्याचं इंग्रजी रूप 1962 मध्ये आशियाई अभ्यासाच्या एका नामवंत नियतकालिकात आलं, आणि तीर्थयात्रेवर लिहिणाऱ्या व्हिक्टर टर्नरसारख्या मानववंशशास्त्रज्ञानं त्याचा आधार घेतला. एकच दिंडी, एकच रस्ता, एकच अभंग, पण जेवणाच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या. हे त्यांना दिसलं आणि खुपलं. ‘तुम्ही समूहानं प्रवास करणं पसंत करता का? 1 ते 5’ असं विचारून हे कधी कळलं असतं? सगळ्यांनी 5 वरच खूण केली असती.

आता स्वतःकडे या. ट्रिप ठरवायची असेल तर प्रश्नावली बाजूला ठेवा आणि गेल्या काही वर्षांतले पाच-सहा प्रवास कागदावर मांडा. लग्नाला गेलात तोही, परीक्षेला गेलात तोही. प्रत्येकासमोर लिहा: सोबत कोण होतं, जायचं कुणी ठरवलं, पैसे कुणाचे, निघण्याआधी काय काय पक्कं होतं, पहिली चिडचिड कधी आणि कशावरून झाली, आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी कुणाला काय सांगितलंत. काय आवडतं हे लिहायचं नाही. काय केलंत ते लिहायचं. माणूस स्वतःच्या आवडीबद्दल जे सांगतो आणि प्रत्यक्षात जे करतो, यांत अंतर असतं. मुद्दाम खोटं बोलायला नको, आठवण आपोआप सारवासारव करते. म्हणून शक्य असेल तिथे जुनी तिकिटं, यूपीआयचे हिशेब आणि फोटोंवरच्या वेळा बघा. हा तुमचा डेटा.

समजा एकीच्या कागदावर हरिश्चंद्रगडचा ट्रेक, आईवडिलांबरोबर तिरुपती, हैदराबादची परिषद, मैत्रिणींबरोबर तारकर्ली आणि एकटीनं केलेली हंपी असे पाच प्रवास आहेत. बुकिंग कधी केलं, काय खाल्लं, कुठे झोपली हे पाचही ठिकाणी वेगळं आहे. तिरुपतीला सगळं महिनाभर आधी ठरलेलं, हंपीला काहीच नाही. म्हणजे ‘प्लॅन करणारी की न करणारी’ हे तिच्याबद्दल विचारण्यात अर्थ नाही, ते सोबतीवर अवलंबून आहे. पण पाचही ठिकाणी एक गोष्ट दिसते: अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचली नाही तर तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही. दुसरी, दुपारी दोननंतर तिसरं ठिकाण बघायला नेलं की भांडण. माणसं बदलली, पैसा बदलला, हेतू बदलला, तरी जे टिकलं तेवढीच तिची शैली. दोन ओळींची. ‘मुक्त भटकी’ या पदवीपेक्षा या दोन ओळींवर पुढची ट्रिप जास्त चांगली ठरेल: दिवसाला दोनच ठिकाणं, आणि उजेडात पोचणारी गाडी. बाकीचं आईबाबांना ठरवू दे.

फील्डवर्कलाही हाच कागद चालतो. तासन्‌तास एका जागी बसून बघत राहणं ज्याला जमत नाही, त्यानं वर्षभराच्या सहभागी निरीक्षणाचा आराखडा लिहिताना आपल्या मागच्या पाच प्रवासांकडे एकदा बघावं. गाइडना ते कळायला वेळ लागतो, तोवर दुसरं वर्ष संपलेलं असतं.

आणि हायवेवर प्रश्नावली घेऊन खरंच उभं राहायचं ठरवलंत तर तीन व्यवहाराच्या गोष्टी. शनिवारी सकाळी भेटणारे लोक तुम्हाला अपेक्षा सांगतात आणि रविवारी संध्याकाळी परतताना भेटणारे आठवणी सांगतात. दोन्ही एका तक्त्यात मिसळू नका. टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या पंधरा जणांमागे एकच फॉर्म भरला जातो आणि तो भरतो मोठा भाऊ. आजीला आणि धाकट्या सुनेला वेगळं विचारा, उत्तरं वेगळी येतील. आणि जे काही विचारायचं ते चहा येईपर्यंत विचारा. कप रिकामे झाले की ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागतो आणि तुमचे शेवटचे सहा प्रश्न कोरे राहतात.